अख्खी सुपारी

औंढ्याच्या झुंबरबाईच्या मते जगातली निम्मी माणसं बावळट होती आणि उरलेली निम्मी लबाड. तिचा नवरा कोंडाजी यांपैकी कुठल्या निम्म्यात बसतो याचा निकाल तिनं लग्नाला एवढी वर्षं होऊनही राखून ठेवला होता. तो बिचारा बोलतच नसे, मग पुरावा पुढं येणार कुठून?

लोणावळ्याच्या अच्युतराव लोहोकरे वकिलांचा निकाल मात्र तिनं त्यांच्या कचेरीच्या उंबऱ्यातच लावला. बाजारपेठेत खाली वाण्याचं दुकान, वर कचेरी. जिना चढून गेलं की दारात वाहिद नावाचा कारकून बसलेला. त्यानं झुंबरबाईच्या हातावर पितळेचा एक बिल्ला ठेवला.

"ह्ये काय? बैलाच्या गळ्यात बांधायचं?"

"नंबर आहे, मावशी. आत घंटी वाजली की जायचं."

"आत दुसरं कोन बसलंय?"

"कोणी नाही."

"मग घंटी कशापायी? मी हितं हाय, त्यो तितं हाय, मधी ह्यो एक फडका टांगलाय. हाक मारली तर वकिली बाटती का?"

"पद्धत आहे मावशी," वाहिद म्हणाला आणि समोरच्या बाकड्याकडे बोट केलं. कोंडाजी मुकाट बसला. झुंबरबाईही बसली, पण टेकली नाही. तिच्या पाठीला कुणाच्या बाकड्याचा आधार लागत नसे.

आता खरं सांगायचं तर अच्युतराव वकील काही वाईट माणूस नव्हता. पण विलायतेहून टपालानं येणारं कसलंसं मासिक त्यांच्या हाती लागलं होतं. वकिलानं कचेरी कशी चालवावी, कारकून कसा वापरावा, वेळ कसा वाचवावा, असल्या गोष्टी त्यात छापून येत. लंडनच्या वकिलाला वेळ वाचवायची गरज असेलही. लोणावळ्याच्या वकिलाकडे वेळच वेळ होता, वाचवून ठेवायचा तरी कुठं? पण वाचलं की करून बघायचं, हा त्यांचा खाक्या. त्यातून हे बिल्ले आले, घंटी आली, पक्षकारांची नावं लिहिलेल्या कार्डांची लाकडी पेटी आली. मग मराठी अक्षरांचा टायपरायटर आला. वाहिद त्यावर दोन बोटांनी असा ठोकत बसे की खालच्या वाण्याला वाटे, वर कुणी खारका फोडतंय.

आणि टेलिफोन! टेलिफोनचं कौतुक तर विचारू नका. उभ्या मावळात भांडणारी माणसं शेकड्यांनी, पण त्यांतल्या एकाच्या घरी टेलिफोन असेल तर शपथ. यंत्र होतं ते तुंगार्लीच्या तलावाकाठच्या बंगलेवाल्या शेटांकडे, आणि ते तर मुंबईचे वकील करत. मग अच्युतराव दिवसातून एकदा स्टेशनात टेलिफोन लावून गाडी वेळेवर आहे का विचारत. गाडीनं येणारंजाणारं त्यांचं कुणी नसे. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

भिंतीवर टाइप केलेला एक लांबरुंद कागद काचेत मढवून लावला होता. वर मथळा होता, पक्षकारांस सूचना. ज्यांच्यासाठी त्या सूचना होत्या त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून आल्यागेल्याला त्या वाचून दाखवायचं कामही वाहिदकडेच.

"सूचना पहिली," त्यानं गळा साफ करून सुरुवात केली. "वकिलापासून काहीएक लपवू नये. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट सर्वांत आधी सांगावी. सूचना दुसरी..."

"सत्यनारायण हाय का आज?" झुंबरबाईनं विचारलं. "परसाद कवा वाटनार?"

आत घंटी वाजली.

तिचं गाऱ्हाणं काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण तिनं वकिलाला ते धड सांगितलंच नाही.

कोंडाजी आणि अंबाजी हे सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा थोरल्या कोंडाजीला ओढ्यापलीकडचं भाताचं खाचर आलं, धाकट्या अंबाजीला अलीकडचं. पलीकडच्या खाचराला जायची गाडीवाट अंबाजीच्या अंगणाच्या कडेनं, त्याच्या दारावरून जाई. आजाच्या काळापासूनची वाट. तिच्यावरून कुणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते मिठावरून.

एका सुगीला भात झोडताना खळ्यावर सगळ्यांचं जेवण होतं आणि कालवण झुंबरबाईच्या हातचं होतं. अंबाजीची बायको नंदाबाई, म्हणजे झुंबरबाईची धाकटी जाऊ, पहिला घास घेऊन चारचौघींत म्हणाली, "जाऊबाईंचं कालवण झ्याक, मीठ तेवढं ज्यानं त्यानं घरनं आणायचं." बाया हसल्या. झुंबरबाई पानावरून उठली. भरल्या खळ्यावर, सगळ्या औंढ्याच्या देखत तिनं शपथ घातली, "पुन्यांदा तुझ्या दारावरनं गेले तर नावाची झुंबर न्हाई! मी न्हाई, माझं मानूस न्हाई, माझा बैलबी न्हाई!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पण झुंबरबाई बोलली म्हणजे बोलली. तेव्हापासून दोन सुग्या उलटल्या, तिच्या घरचं पाऊल त्या वाटेला पडलं नाही. डोईवरचं ओझं ओढ्यातून जाई आणि गाडी लांबच्या पडीक माळावरून. माळ कुणाचा तेही कुणाला ठाऊक नव्हतं. यंदा ठाऊक झालं. मुंबईच्या एका शेटानं तो बंगल्यासाठी घेतला आणि सभोवार काटेरी तार ओढली. गाडीची वाट बंद. शिमगा झाल्यावर कोंडाजी जुन्या वाटेकडे नुसतं बघून आला आणि म्हणाला, "काटं हायती."

आली का पंचाईत! मावळात भात पिकवायचं तर उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा पसरून जाळावा लागतो. त्याला राब भाजणं म्हणतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर आंबेमोहोराच्या नावानं बोंब. गाड्या भरून शेण आणि पाला खाचरावर जायला हवा होता आणि जायला वाट नव्हती.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? जावेच्या दारात जाऊन "वाट दे गं" म्हटलं असतं. पण झुंबरबाईचं शहाणपण निराळं होतं. तिनं रात्रंदिवस विचार करून एक तोड काढली. आपण आपल्या मर्जीनं त्या दारावरून गेलो तर शपथ मोडते; पण सरकारनं हुकूम केला आणि गेलो, तर आपण थोडेच गेलो? सरकारनं नेलं! तेव्हा हुकूम पाहिजे, आणि हुकूम आणायला वकील पाहिजे.

अच्युतराव समोर कार्ड ठेवून, टाक उचलून बसले होते. त्यावर प्रश्न आधीच छापलेले.

"मामलेदारसाहेब दोनच गोष्टी बघतात, बाई," ते म्हणाले. "वाट वापरात होती का, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तक्रार आली का. तर सांगा, अडवली कधी?"

"शिमग्याला."

"शेवटची वापरलीत कधी?"

कोंडाजीनं घसा खाकरला. झुंबरबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की ती खाकर त्यानं तशीच गिळली.

"रोजच की," ती म्हणाली. "वाट काय देव्हाऱ्यात ठिवायला असती?"

"जावेशी आधीचं काही भांडण?"

"तसल्या बाईशी मी बोलत न्हाई, तर भांडू कशाला?"

वकिलांनी लिहून घेतलं. वास्तविक नवऱ्याच्या त्या खाकरण्यातच सगळी हकिगत होती, पण खाकरण्याला कार्डात रकाना नव्हता. झुंबरबाईला आपलं खोटं बोलणं काही टोचलं नाही. बायकांचं मिठाचं भांडण असल्या बिल्लेवाल्या माणसाला कशाला सांगायचं? उगा फिदीफिदी हसायचा.

निघताना मात्र अच्युतराव थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलाचा खण ओढला, त्यातली एक पत्र्याची डबी उघडली आणि दोन सुपाऱ्या काढून पुढं केल्या.

"हे मासिकातलं नाही," ते जरा ओशाळून म्हणाले. "पुण्याला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते हे करायचे. साहेब वाटेची पाहणी करायला औंढ्याला येतील त्या दिवशी एक अख्खी सुपारी गालात धरायची. साहेबांनी तुम्हाला विचारलं तरच काढायची. दुसरं कुणी काही म्हणो, शिव्या देवो, सुपारी हलवायची नाही. एक हरवली तर दुसरी असू द्या."

"अडकित्ता असंल तर खांड करून द्या. दातानं कुटं फोडू?"

"खांड चालत नाही. खांड माणूस चघळतो, आणि चघळणारं तोंड बोलतं. अख्खीच लागते."

झुंबरबाईनं सुपाऱ्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि जिना उतरता उतरता कोंडाजीला म्हणाली, "बगितलंसा? एवडी यंत्रं मांडून बसलाय, आन् शेवटी सुपारी दिली. वकील हाय का भटजी?"

वैशाखात मामलेदारसाहेब औंढ्याला आले. अंबाजीच्या अंगणात आंब्याखाली त्यांना खुर्ची टाकली होती. शेजारी अच्युतराव टाइप केलेले कागद मांडीवर घेऊन बसले होते. बघायला निम्मा गाव लोटला. गावाला दुसरा तमाशा कुठला! समोरच ती वाट होती, आणि तिच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्यांचा ढीग. झुंबरबाई कोंडाजीमागं उभी राहिली. अंगणात नव्हे बरं का, अंगणाच्या हद्दीबाहेर, एका पायाचा अंगठासुद्धा आत येणार नाही अशी. गालात सुपारी होती. तिच्यावर झुंबरबाई चिडत होती, पण धरली होती. राबाचे दिवस संपत आले होते, आणि एवढ्यासाठी तिनं आणखी दहा सुपाऱ्या धरल्या असत्या.

साहेबांनी अंबाजीला विचारलं, "काटे तुम्हीच लावले?"

अंबाजीनं दाराकडे बघितलं. तो कोंडाजीचाच भाऊ, त्याचीही जीभ बायकोच्याच तोंडात असायची. दाराआडून पदर सावरत नंदाबाई पुढं आली.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. नंदाबाईच्या बाजूला वकील नव्हता. तिनं नुसतं खरं सांगितलं असतं, की बाबा, दोन सुग्या इथून कुणी फिरकलं नाही म्हणून वाट बंद केली, तर झुंबरबाईचा दावा जाग्यावर खलास होता. पण खरं सांगायचं म्हणजे थोरल्या जावेनं आपल्या दाराकडे पाठ फिरवली हे पुन्हा चारचौघांत कबूल करायचं. दोन सुग्या गाव तिला तेच टोचत होता. पाणवठ्यावर बाया विचारत, "का गं, थोरली येत न्हाई का तुझ्याकडं?" त्या विचारण्याची चीड तिच्या पोटात साठली होती.

"लावू न्हाई तर काय करू, सायेब?" ती म्हणाली. "ह्या माझ्या जाऊबाई. रोज दोनदा माझ्या दारावरनं गाडी हाकत्यात. शिमग्यापतूर रोज! कोंबड्या तुडवत्यात, धुरळा माझ्या सैपाकात. किती सोसायचं मानसानं?"

अच्युतरावांना प्रथम आपल्या कानांवर विश्वास बसेना. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जणू टेलिफोनवर पहिल्यांदाच कुणी पक्षकार बोलला. "साहेब," ते हळूच म्हणाले, "वाट शिमग्यापर्यंत रोज वापरात होती. प्रतिपक्षाच्याच तोंडून आलंय."

साहेबांनी मान डोलावली आणि टाक उचलला. दोन ओळी लिहायच्या, सही ठोकायची, काटे निघणार. संध्याकाळपर्यंत पहिली गाडी खाचरावर.

पण गर्दीत हौशीराम उभा होता. औंढ्यातलं कुठलंही भांडण ज्याच्यावाचून पुरं होत नाही असा एक माणूस. तो शेजाऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आरं तिच्या! म्हंजी थोरली जात हुती व्हय गुपचूप? आन् खळ्यावरची शपथ?"

गर्दी फिसकन हसली.

झुंबरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं सुपारी दाबली. वकील तिच्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होता, बाई, नाही, नाही. कोंडाजीनं कधी नव्हे तो तिचा हात धरला. आणि तेवढ्यात नंदाबाई तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसली.

थू! सुपारी टणकन अंगणात जाऊन पडली.

"कोन गेलतं गं तुझ्या दारावरनं?" झुंबरबाई कडाडली. "मी? तुझ्या? शपथ घातली त्या दिसापासनं माझ्या सावलीनंबी तुझं आंगन शिवलं न्हाई! दोन सुग्या झाल्या! इचार गावाला! ओढ्यातनं डोईवर वझं वाहिलं, पर तुझ्या दाराला थुंकाया आले न्हाई! खोटारडे, माझ्यावर आळ घेतीस?"

साहेबांचा टाक थांबला. "दोन सुग्या?"

"व्हय, दोन! न्हाई गेले, आन् जानारबी न्हाई!"

"तुमच्या घरचं कुणीच गेलं नाही?"

"आमचा बैलबी न्हाई!" ती छाती पुढं काढून म्हणाली.

अच्युतरावांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी लिहिलेलं खोडलं आणि शांतपणे विचारलं, "मग बाई, अडवलं कुणाला?"

कुणी हसलं नाही. झुंबरबाईला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. ती साहेबांकडे बघत राहिली, मग काट्यांकडे, मग कोंडाजीकडे. त्यानं तिचा हात सोडला होता. तिकडे नंदाबाईचंही तोंड पांढरं पडलं होतं. दावा जिंकून ती गावापुढं खोटी ठरली होती. साहेबांनी तक्रार काढून टाकली, पाणी प्याले आणि घोड्यावर बसून गेले.

वकील जाताना कोंडाजीच्या ओट्याशी थांबले. "सुपारी पडली का टाकलीत?" त्यांनी विचारलं.

झुंबरबाई पदरानं ओटा झटकू लागली.

"माझ्या यंत्रांना तुम्ही हसता ते मला कळतं, बाई. हसा. पण शपथेची गोष्ट मला त्या दिवशी सांगितली असतीत, तर मी तुम्हाला इथं उभंच केलं नसतं. घरात बसवलं असतं. पहिलीच सूचना आहे ती. वाहिदनं वाचून दाखवली होती."

"पोथीवानी वाचली त्यानं," ती पुटपुटली. "पोथी कोन ऐकतं?"

पुढचे काही दिवस कोंडाजी पाट्या भरून शेण ओढ्यातून डोक्यावर नेत राहिला. ओढ्याचे धोंडे, वर उन्हाचा तडाखा आणि वय झालेलं. गाडीभर माल पाटीपाटीनं नेणं म्हणजे विहीर वाटीनं उपसणं. झुंबरबाई मागून पाटी घेऊन चालायची आणि जगाला शिव्या घालायची. वकील बावळट, साहेब बावळट, मुंबईचा शेट लबाड, हौशीरामाला तर तिनं दोन्हीकडे बसवलं. एके सकाळी कोंडाजीचा पाय धोंड्यावरून निसटला. पाटी गेली, तोही ओढ्यात बसला. लागलं फार नव्हतं, पण तो उठेना. तिथंच बसून राहिला.

"उठा की," ती म्हणाली.

"अगं," कोंडाजी म्हणाला, "नाव बदलून घे."

"काय?"

"नावाची झुंबर न्हाई म्हनालीस न्हवं? मग नगं ऱ्हाऊ झुंबर. मी कुटं तुला कवा नावानं हाक मारली? मला काय फरक पडतुया?"

त्याच्या तोंडून एवढं बोलणं तिनं उभ्या संसारात एका वेळी ऐकलं नव्हतं. ती पाटी टेकवून त्याच्याकडे बघत राहिली. गुडघ्याला चिखल, डोईच्या मुंडाशात शेण, आणि चेहऱ्यावर राग तर नाहीच. तिच्या शपथेपायी हा माणूस दोन सुग्या या धोंड्यांतून मुकाट चालला होता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तिला लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती जरा जास्तच वाटली. कोंडाजी बावळटही नव्हता आणि लबाडही नव्हता, आणि आता त्याला बसवायचं कुठं हे तिला कळेना.

"गाडी जुंपा," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं पदराची गाठ सोडली. दुसरी सुपारी होती. ती तिनं गालात धरली आणि गाडीच्या पुढं चालू लागली. सबंध औंढं बघत होतं. बघू दे.

काट्यांपाशी ती थांबली. अंबाजी खाटेवर दोर वळत बसला होता, तो उठून उभा राहिला. नंदाबाई दारात आली, तिनं बघितलं, कमरेवर हात ठेवले.

"काय वो जाऊबाई, वाट चुकलासा? हितनं जानारीचं नाव झुंबर नसतं म्हनत्यात."

झुंबरबाई गप्प.

"का सरकारचा हुकूम आनलासा? तुमच्या वकिलाला सांगा टेलिफोन लावाया. काटं आपसूक सरकत्याल."

हे बोलणं झकास होतं. झुंबरबाईला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याला त्याहून झकास उत्तर तिच्या टाळ्यापर्यंत आलं. पण वाटेत सुपारी होती. ती उभीच राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं का कशाचं ते तिचं तिलाच ठाऊक.

नंदाबाईनं आणखी एकदोन टोमणे मारले, पण पुढून काहीच येईना तेव्हा तिचाही दम गेला. भांडायला दोघी लागतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून थोरली जाऊ अशी गप्प उभी राहिलेली तिनं बघितली नव्हती. ती घाबरली. दोन पावलं पुढं आली.

"बरं न्हाई का वो?" तिनं विचारलं. "भाऊजी, ह्यास्नी काय झालंया? दातखीळ बसली का काय?"

झुंबरबाईनं सुपारी काढून तळहातावर धरली. "वकिलानं दिलीया. त्वांड गप ऱ्हावं म्हनून."

"मग काढलीसा कशाला?"

"वाट दे," झुंबरबाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "वाट दे गं, नंदा."

नंदाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "दोन सुग्या दारात बसून बगत हुते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आज येत्याल, उद्या येत्याल. सायबापुढं खोटं बोलले ते त्येच्यापायीच. काटं तर मी अवंदा न्हाई लावलं, लय आदी लावलंया, रागानं. मिठाचं बोलले ते काय खोटं न्हवतं, पर चारचौघींत बोलाया नगं हुतं."

"खोटं कसं न्हवतं गं?" झुंबरबाईचे डोळे मोठे झाले.

"न्हवतंच. भाऊजींनाच इचारा."

झुंबरबाईनं घाईघाईनं सुपारी पुन्हा गालात टाकली. नंदाबाई पदर तोंडाला लावून हसली, मग गर्रकन वळून घरात गेली आणि कोनाड्यातून काहीतरी घेऊन आली. हात उघडला. सुपारी होती, घासूनपुसून लख्ख केलेली.

"तुमचीच हाय," ती म्हणाली. "त्या दिशी आंगनात पडली हुती. म्हनलं सायबापुढं थुंकलेली चीज हाय, काय तरी मोलाचीच आसंल. धुऊन ठिवलीया. आता तुमी रोज हितनं जानार, माझ्याबी तोंडाचा काय भरवसा? थांबा, अडकित्ता आनते, खांड करते."

झुंबरबाईनं जोरजोरात मान हलवली आणि सुपारी पुन्हा हातावर काढली. "खांड चालत न्हाई! खांड चघळत ऱ्हातीस, आन् चघळनारं त्वांड बोलतं. अख्खीच लागती."

नंदाबाईनं ती अख्खी गालात धरली. मग दोघी जावा वाकल्या आणि बाभळीच्या फांद्या ओढून बाजूला करू लागल्या. काटे बोचत होते, एकमेकींच्या अंगावर फांद्या येत होत्या, एरवी एवढ्यावर सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण अंगणात फक्त फांद्या घासल्याचा आवाज येत होता.

कोंडाजी जू धरून उभा होता. अंबाजी त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघे भाऊ बराच वेळ ती शांतता ऐकत राहिले.

"अंबाजी," कोंडाजी अखेर हळूच म्हणाला, "गाडी रिकामी झाली की लोनावळ्याच्या बाजाराला जाऊ. पायलीभर सुपारी आनून ठिवू."

"व्हय," अंबाजी म्हणाला. "पर अख्खी बगून घे."